दहावीचा पहिला धडा आणि पिसदुऱ्याचे दगड

शालेय पाठ्यपुस्तकाला समीक्षेचा मान सहसा मिळत नाही. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे होतात, कवितासंग्रहांवर परिसंवाद झडतात. परंतु जे पुस्तक दर जूनमध्ये घराघरांत जाते, ज्यातली वाक्ये मुले तोंडपाठ करतात आणि पुढे आयुष्यभर नकळत बोलत राहतात, त्याच्या भाषेविषयी नि मांडणीविषयी आपण अवाक्षर काढीत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका धड्याचे परीक्षण करण्याचे योजिले आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ या २०१८ साली आलेल्या पुस्तकातील हा पहिलाच धडा. त्याचे नाव ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’.

हाच धडा का, हे सांगायला हवे. केंद्रीय मंडळाच्या शाळांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीने २०२२-२३ या वर्षी अभ्यासक्रमाची काटछाट केली, तेव्हा दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. कोविडच्या काळात मुलांवर पडलेला भार हलका करावा, हे त्याचे अधिकृत कारण. आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, अशी पुस्ती. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी व विज्ञानप्रेमींनी खुले पत्र काढून हा भाग पुन्हा घालावा असे आवाहन केले. त्यांचा मुख्य आक्षेप साधा होता. बारावीला जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी किती? दहावीनंतर जो वाणिज्य शाखेकडे गेला, आयटीआयला गेला किंवा शेतावर गेला, त्याने डार्विनचे नाव वर्गात कधी ऐकलेच नाही, असे होणार. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात तर एकाच घरातला एक भाऊ इंग्रजी माध्यमाच्या केंद्रीय मंडळाच्या शाळेत आणि धाकटी बहीण मराठी शाळेत, असे चित्र सर्रास दिसते. म्हणजे बहिणीच्या दप्तरात उत्क्रांती आहे आणि भावाच्या दप्तरात नाही!

भार हलका करण्याच्या कारणावर सगळ्यांचा विश्वास बसला नाही, यालाही कारण आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमातून तो बदलला पाहिजे, असे जाहीर केले होते. हे गृहस्थ मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. त्यांचा युक्तिवाद असा की, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले वा लिहिलेले नाही. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले आणि खात्याचे ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. पोलीस खात्यात मुरलेल्या माणसाने प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मागावा, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. परंतु ज्या गुन्ह्याला साक्षीदार नसतो तो ठशांवरून नि डागांवरून शाबीत होतो, हेही त्याच खात्याला सर्वांत चांगले ठाऊक असते.

मंत्रिमहोदयांची थट्टा करणे सोपे आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, माकडाचा माणूस ‘होताना’ पाहण्याची अपेक्षा त्यांच्या मनात कोठून आली? ती आपल्या पाठ्यपुस्तकांतूनच आली असावी, असा माझा कयास आहे. आणि येथे प्रस्तुत धड्याकडे वळतो.

धड्याचे गुण आधी सांगतो. पुराव्यांची मांडणी स्वच्छ आहे. बाह्य रचनेतील साम्य, हाडांच्या रचनेतील साम्य, अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे, भ्रूणांतील साम्य असा क्रम लावून मग नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त येतो. पुराव्याआधी सिद्धान्त मांडला असता तर मुलाला तो हुकूम वाटला असता. येथे तो निष्कर्ष वाटतो. डार्विनपूर्वीच्या लामार्कलाही जागा दिली आहे आणि त्याचे मत का टिकले नाही तेही सांगितले आहे. विज्ञानात माणसे चुकतात नि पुढे जातात, हे मुलाला यातून कळते. एवढ्यासाठी लेखक मंडळाचे अभिनंदन केले पाहिजे.

दोष मात्र मानवाच्या उत्क्रांतीच्या भागात एकवटले आहेत. तेथे कथा सरळ रेषेत धावते. लेमूरसारखे प्राणी, मग माकडासारखे, मग एप, मग रामापिथिकस, मग दक्षिण आफ्रिकेतील एप, मग कुशल मानव, ताठ चालणारा मानव, शेवटी बुद्धिमान मानव. जणू एकच कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या एक-एक पायरी चढत आले! डार्विनने मांडला तो जिना नव्हे, झाड आहे. आजची माकडे आपले आजोबा नसून फार दूरचे चुलत भाऊबंद आहेत. आपण आणि ती एकाच जुन्या खोडाच्या वेगवेगळ्या फांद्या. जिन्याचे चित्र डोक्यात बसले की, मग माकडे अजून का शिल्लक आहेत, हा प्रश्न आपोआप येतो. तो मी कितीदा तरी ऐकला आहे, आणि विचारणारे अडाणी नसतात. शिवाय रामापिथिकसला मानवाच्या थेट वंशावळीत बसवणे आता जुने झाले. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेले हे अवशेष शिवापिथिकसचेच असून त्यांचे नाते माणसापेक्षा ओरांगउटानशी जवळचे आहे, हे १९८०च्या दशकातच बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले होते. २०१८च्या पुस्तकात ते जुनेच नाव यावे, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा दोष कार्बन कालमापनाचा. धड्यात जीवाश्मांच्या लगोलग हीच एक पद्धत येते. त्यामुळे सगळ्याच जीवाश्मांचे वय कार्बनवरून काढतात, असा मुलाचा समज होतो. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे त्यातले मोजण्याजोगे काही उरत नाही. कोट्यवधी वर्षांचे वय काढायचे तर जीवाश्माच्या वरच्या-खालच्या थरांतील ज्वालामुखीच्या खडकाकडे वळावे लागते. त्यातल्या पोटॅशियमचे अरगॉन किती झाले ते मोजावे लागते. ही बाब किरकोळ वाटेल. पण आपल्या तालुक्यांत अधूनमधून जी पत्रके वाटली जातात, पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे असल्याचे सांगणारी, ती नेमक्या याच फटीतून आत शिरतात. कार्बनने कोटी वर्षे मोजता येत नाहीत, असे ती छापतात. ते खरेही असते! आणि मग मुलाला वाटते की, सगळा डोलारा कोसळला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. धड्यातील जोडणारे दुवे आहेत पेरिपॅटस, ऑस्ट्रेलियाचा बदकचोच्या प्लॅटिपस, लंगफिश. सारे दूरचे. वरोऱ्याच्या, सिरोंच्याच्या मुलाने उत्क्रांती म्हणजे परदेशात घडलेली काहीतरी गोष्ट आहे, असे समजावे. वास्तविक त्याच्या पायाखाली काय आहे?

वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील शेतांतून आणि उघड्या माळावरून डायनोसॉरची हाडे आणि त्यांच्या काळातली अश्मीभूत विष्ठा शंभर-दीडशे वर्षे अभ्यासकांना मिळत आली आहे. दख्खनचा लाव्हा ज्या काळात वाहत होता त्याच काळाच्या आसपासचे, सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे हे थर. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, प्रा. अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या दगडी शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे जगाला दाखवून दिले. डायनोसॉर नष्ट झाल्यावरच गवते पसरली, हा तोवरचा समज त्यामुळे मोडला. २०११ साली त्याच संशोधकांनी आणखी पुढे जाऊन त्या कणांत भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणा ओळखल्या. धानाच्या बांध्यांतून शाळेत येणाऱ्या मुलाला ही गोष्ट पाठ्यपुस्तकाने सांगू नये, यासारखी कद्रू वृत्ती नाही. त्याच्या ताटातल्या भाताचे दूरचे भाऊबंद त्याच्याच जिल्ह्यात एका महाकाय प्राण्याने चरले होते!

याच जिल्ह्यातल्या मांगली येथे चपट्या कवटीचा एक प्राचीन उभयचर प्राणी मिळाला; त्याचे वर्णन १८५५ साली लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केले. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी, कोटा नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावाने भूशास्त्रात खडकांची एक मालिकाच ओळखली जाते. नदीपलीकडे आजच्या तेलंगणात तसल्याच थरांत सापडलेल्या एका भल्यामोठ्या डायनोसॉरला ‘बारापासॉरस टागोरी’ असे नाव मिळाले, कारण ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे होते. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंचा तालुक्यातल्याच वडधमला वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे. तेथे दगड झालेली झाडांची खोडे आहेत. आणि बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा येथील आपल्या कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ ज्या कोळशावर चालतो, तो तरी काय आहे? पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचे जंगल. त्या जंगलातल्या ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची पाने आफ्रिकेतही सापडतात, ऑस्ट्रेलियातही, दक्षिण ध्रुवाजवळही. ज्या एकसंध भूखंडावर ते झाड वाढले त्याला शास्त्रज्ञांनी नाव दिले ‘गोंडवन’. आपल्या गोंडांच्या राज्यावरून. खाणीत पाळी करून घरी आलेल्या माणसाच्या हातात सहा हजार वर्षांचे पत्रक पडावे, यातली विसंगती त्याच्या नखांतल्या काळ्या भुकटीला तरी कळत असेल.

मांगलीची कवटी आणि पिसदुऱ्याची पहिली हाडे कोणी उजेडात आणली? एका मिशनऱ्याने. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री १८४५ साली नागपूरला आले. आपल्या पंथाचे नव्हेत, पण हा माणूस आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवा. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे. शाळा चालवता चालवता सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर-चांदा परिसरातले खडक धुंडाळले आणि सापडलेल्या गोष्टी लंडनला पाठवल्या. डार्विनचा ग्रंथ १८५९चा. मांगलीची कवटी त्याच्याही आधीची. ज्या ओवेन यांनी तिचे वर्णन केले ते पुढे डार्विनचे कडवे विरोधक झाले, पण कवटी कोणाच्याच पक्षाची नव्हती. १८६३ साली टाकळघाटजवळ रात्री नाला ओलांडताना हिस्लॉप बुडून मरण पावले.

त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे प्रसिद्ध केली. त्यात दगड नाहीत. त्यात गोंडांची माहिती आहे आणि परधान गायकाच्या मुखातून उतरवून घेतलेले लिंगोचे दीर्घ गोंडी गीत आहे. गोंड कसे निर्माण झाले, महादेवाने त्यांना गुहेत कसे कोंडले, लिंगोने त्यांना कसे सोडवले, त्यांच्या शाखा नि देव कसे ठरले, हे सारे त्या गीतात येते. मला हिस्लॉप यांच्याविषयी आदर वाटतो तो येथे. एकाच माणसाने एकाच भूमीतून हाडही उचलले आणि गाणेही ऐकले. हाडांविषयीचे लेख भूशास्त्राच्या नियतकालिकात गेले. गाणे गाणे म्हणून छापले गेले. कवटीला त्यांनी लिंगोचे वय विचारले नाही आणि लिंगोच्या गुहेत जीवाश्म शोधले नाहीत. सगळ्या वादात जे हरवले आहे ते एवढेच: समोर आलेली गोष्ट कोणत्या जातीची आहे, हे आधी ओळखणे.

आपल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचे वाचनही याच शिस्तीने झाले पाहिजे. पहिल्या अध्यायात वनस्पती, मग प्राणी, मग नर-नारी. दुसऱ्यात आधी पुरुष, मग बाग, मग प्राणी, मग स्त्री. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवणाऱ्या संपादकाला हा फरक दिसला नसेल, असे मानणे हा त्याचा अपमान आहे. सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग पहिले तीन दिवस कसले, असा प्रश्न संत ऑगस्टीन यांना पाचव्या शतकातच पडला होता. सृष्टीविषयी अनुभवाने व तर्काने जे कळते त्याविरुद्ध ख्रिस्ती माणसाने शास्त्रवचनाच्या नावाने काहीबाही बोलू नये, त्यामुळे परक्यांपुढे शास्त्राचेच हसे होते, असा इशारा त्यांनी उत्पत्तीवरील आपल्या भाष्यात दिला आहे. पहिल्या अध्यायाचा रोख कालगणनेकडे नाहीच. बाबिलोनमध्ये सूर्य-चंद्रांना देव मानणाऱ्या सत्तेखाली यहुदी लोक जगले. त्या पार्श्वभूमीवर हा अध्याय वाचा, म्हणजे सूर्य-चंद्र नुसते दिवे म्हणून आकाशात टांगले जातात यातले धैर्य जाणवेल. चार शतकांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त हीच सृष्टिकथा मराठी ओवीत आणली, ती ऐकताना भक्ताला भूशास्त्र शिकल्यासारखे कधी वाटले नसणार.

सहा हजार वर्षांचा हिशोब आपल्या चर्चचा नव्हे. जेम्स अशर या आयर्लंडमधील अँग्लिकन आर्चबिशपांनी १६५० साली वंशावळ्यांची बेरीज करून इसवी सनापूर्वी ४००४ हे निर्मितीचे वर्ष काढले. पुढे अमेरिकेत १९२५च्या स्कोप्स खटल्यापासून १९८७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जे रणकंदन झाले त्याची हद्दपार झालेली आवृत्ती आपल्याकडे पत्रकांतून येते. कॅथलिक चर्चची वाट वेगळी आहे. पोप पायस बारावे यांनी १९५०च्या ‘हुमानी जेनेरिस’ या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली, आत्मा मात्र परमेश्वर प्रत्यक्ष निर्माण करतो, असे बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, असे परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला कळवले. मी तेव्हा सेमिनरीत धर्मशास्त्र शिकत होतो. जेवणाच्या टेबलावर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी परमेश्वर म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे, असे सांगितले. आनुवंशिकतेचे नियम ज्यांच्या नावाने त्याच दहावीच्या मुलांना शिकवले जातात ते ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठवासी होते, हे तर आपल्या शाळांत भिंतीवर लिहायला हवे.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मात्र एक वेगळीच खोड आढळते. ते पत्रकांना हसतात, आणि लगेच सहा दिवस म्हणजे सहा युगे, प्रकाश व्हावा म्हणजे महास्फोट, असे जुळवून दाखवतात. हे ऐकायला भक्तिमय वाटते. पण ही तीच चूक, फक्त नीटनेटक्या कपड्यांतली. महास्फोटाच्या कल्पनेचे जनक फादर जॉर्ज लमेत्र हे स्वतः धर्मगुरू. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी त्या सिद्धान्तात निर्मितीची साक्ष असल्यासारखे भाषण केले, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले आणि असा संबंध जोडू नये यासाठी त्यांनी प्रयत्न केले. पोपमहाशयांनी पुन्हा तसे विधान केले नाही. आज विज्ञानाच्या खांबाला बांधलेले शास्त्रवचन उद्या तो खांब हलला की बरोबर हलते. वैदिक विमानांचे दाखले देणाऱ्यांना आपण नावे ठेवतो; आपल्या घरातले विमान आपल्याला दिसत नाही.

यातून सगळे प्रश्न सुटतात, असे मला भासवायचे नाही. मानवजात एका जोडप्यापासून न होता अनेकांपासून झाली, हे मत मूळ पापाच्या शिकवणुकीशी कसे जुळवावे ते दिसत नाही, असे १९५०चे परिपत्रक म्हणते. आणि आजचे आनुवंशिकीशास्त्र मोठ्या समूहाकडे बोट दाखवते. आदामाच्या पापाने मृत्यू जगात आला, असे आपण पुनरुत्थानाच्या सणापूर्वी वाचतो. पिसदुऱ्याची हाडे तर माणसाच्या कितीतरी आधी मेलेल्यांची आहेत. संत पौल कोणत्या मृत्यूविषयी बोलतात, देहाच्या की परमेश्वरापासून तुटण्याच्या, यावर धर्मपंडित अजून लिहीत आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलीने हे विचारले तर तिला गप्प बसवू नये आणि खोटे समाधानही देऊ नये. आमच्या वसतिगृहांत माडिया आणि गोंड मुले असतात. त्यांच्या आजीने त्यांना लिंगो सांगितलेला असतो. उत्पत्ती आणि लिंगो एकाच मोलाचे, असे मी म्हणणार नाही. माझ्या श्रद्धेला ते सत्य वाटत नाही. परंतु आपल्या कथेला विज्ञान म्हणायचे आणि त्यांच्या कथेला विज्ञानाच्या काठीने बडवायचे, हा न्याय नव्हे.

आपल्या शाळांतील शिक्षकांना एक सूचना करतो. हा धडा शिकवताना जिन्याच्या जागी फळ्यावर झाड काढावे, रामापिथिकसपुढे ‘जुने मत’ एवढे पेन्सिलीने लिहावे आणि प्लॅटिपसच्या आधी पिसदुरा सांगावा. जमल्यास मुलांना तेथे न्यावे. दगड उचलून आणू नयेत, पाहून जागेवर ठेवावेत. जाण्याची अडचण फारशी नाही. आपल्या शाळांच्या सहली वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत दरवर्षी जातात आणि तेथूनच परत फिरतात.